मोफत कृपेचा नागपुरी हिशेब

१८ मे १८४३ रोजी एडिंबरोच्या सेंट अँड्र्यूज चर्चमध्ये स्कॉटलंडच्या राष्ट्रीय चर्चची वार्षिक महासभा भरली होती. मावळत्या अध्यक्षांनी निषेधाचे निवेदन वाचले, कागद टेबलावर ठेवला आणि ते दाराकडे निघाले. त्यांच्यामागे धर्मोपदेशकांची रांग रस्त्यावर आली आणि कॅननमिल्स भागातल्या टॅनफिल्ड हॉलपर्यंत चालत गेली. गावचा पाळक जमीनदाराने नेमायचा की मंडळीने निवडायचा, एवढाच वाद होता. पण सरकार आणि न्यायालये जमीनदाराच्या बाजूला उभी राहिली होती. बाहेर पडलेल्या ४७४ उपदेशकांनी त्या दिवसांत केलेल्या एका सहीने आपले वेतन, राहते घर आणि वाडवडिलांपासूनची चर्चची इमारत सोडली. त्यांनी जे चर्च उभे केले त्याचे नाव फ्री चर्च ऑफ स्कॉटलंड.

हिंदुस्थानातले स्कॉटिश मिशनरीही या नव्या चर्चला जाऊन मिळाले. कलकत्त्यात अलेक्झांडर डफ आणि मुंबईत जॉन विल्सन यांना स्वतः उभारलेल्या शाळांच्या इमारती जुन्या चर्चच्या हवाली कराव्या लागल्या. हातात काही नसलेल्या या चर्चने दोन वर्षांच्या आत नागपूरला माणूस पाठवला. स्टीफन हिस्लॉप त्याचे नाव, वय २७. डिसेंबर १८४४ मध्ये तो पत्नीसह मुंबईला उतरला आणि १८४५ च्या आरंभी नागपुरात पोचला. मद्रास लष्करातल्या हिल नावाच्या अधिकाऱ्याने मध्य हिंदुस्थानात मिशन सुरू व्हावे म्हणून पैसा देऊ केला होता, त्यातून ही नेमणूक झाली.

हिस्लॉप ज्या परंपरेत वाढला होता तिची शिकवण खणखणीत होती. माणसाला तारण विकत घेता येत नाही. दानधर्म, उपवास, तीर्थयात्रा, सदाचरण यांपैकी कशानेही ते कमावता येत नाही. ख्रिस्ताने वधस्तंभावर त्याचे मोल एकदाच चुकते केले आहे; माणसाने विश्वासाने हात पुढे करायचा, बस. १५१७ मध्ये पापमुक्तीची पत्रे विकणाऱ्यांविरुद्ध मार्टिन ल्यूथर उभा राहिला तो याच मुद्द्यावर, आणि स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियनांनी हा मुद्दा ल्यूथरइतकाच हट्टाने धरला. मात्र त्याच बायबलात येशू मागे येणाऱ्यांना बजावतो की बुरूज बांधायला निघालेला माणूस आधी बसून खर्चाचा अंदाज घेतो. आईबाप, बायकापोरे, घरदार यांपेक्षा मला जवळचे मानता येत नसेल तर माझ्या वाटेला येऊ नका, असेही तो सांगतो. पौलाच्या पत्रांत कृपा हे देवाचे दान आहे. याकोबाच्या पत्रात कृतीवाचूनचा विश्वास मेलेला आहे. देणगी मोफत, पण ती घेतल्यावरचे जगणे मोफत नाही, अशी या दोन टोकांची सांगड ख्रिस्ती धर्मशास्त्राने घातली.

रोमन कॅथलिक परंपरेने कृपेबरोबर माणसाच्या सहकार्याला आणि सत्कृत्यांना अधिक जागा ठेवली. नागपुरात तीही परंपरा होती. सेंट फ्रान्सिस डी सेल्सच्या अनुयायांनी इथे काम उभारले आणि १८८७ मध्ये नागपूर हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. या मुद्द्यावरून युरोपात रक्त सांडलेल्या दोन पक्षांनी, म्हणजे ल्यूथरन आणि कॅथलिक चर्चने, ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्गमध्ये एकत्र सही करून मान्य केले की तारण कृपेने मिळते आणि सत्कृत्ये हे त्याचे फळ आहे. धर्मपंडितांचा वाद तिथे बराचसा निवला. नागपुरातला वाद मात्र पंडितांचा नव्हताच. इथे प्रश्न रोकडा होता: बाप्तिस्मा घेणाऱ्याला काय द्यावे लागते, आणि ते कोण वसूल करतो?

हिस्लॉप आला तेव्हा नागपूर भोसल्यांचे होते, निदान नावाने तरी. त्याच्या जन्माच्याच वर्षी, नोव्हेंबर १८१७ मध्ये, सीताबर्डीच्या टेकडीवर भोसल्यांचा पराभव झाला होता. गादीवर तिसरे रघूजी होते, सीताबर्डीला इंग्रज रेसिडेंट आणि कामठीला कंपनीची छावणी. राज्यकारभार दरबाराचा, अंतिम शब्द रेसिडेंटचा. या दुहेरी कारभारात हिस्लॉपने १८४६ मध्ये शहरात शाळा काढली. रॉबर्ट हंटर हा सहकारी पुढच्या वर्षी येऊन मिळाला. मुले शाळेत आली ती इंग्रजीसाठी, गणितासाठी, पुढे नोकरी लागेल या आशेने. बायबलचा तास सर्वांनाच असे. पालक तो सहन करत. शिकणारे पुष्कळ आणि बाप्तिस्मा घेणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, हे त्या काळच्या बहुतेक मिशन शाळांचे चित्र नागपुरातही होते.

पण एखादा मुलगा तो तास मनावर घेई, आणि मग शहर ढवळून निघे. मिशनच्या आरंभीच्या वर्षांत बाबा पांडुरंग या तरुणाचे प्रकरण गाजले. ख्रिस्ती होण्याची इच्छा त्याने बोलून दाखवताच दरबाराने त्याला अडकवून ठेवले. हिस्लॉपने कंपनीच्या अधिकाऱ्यांकडे दाद मागितली, तर राजाच्या प्रजेच्या बाबतीत कंपनीने किती हात घालायचा असा तहाचा प्रश्न उभा राहिला. देवाच्या दारी जे मोफत होते त्यावर राजाच्या दारी कैद लागत होती, आणि ख्रिस्ती राज्यकर्त्यांना ती मोडून काढण्याची घाई नव्हती. कंपनीला शांतता हवी होती. मिशनरी तिला अनेकदा डोकेदुखीच वाटत.

कंपनीच्या मुलखात नियम वेगळे होऊ घातले होते. जुन्या हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे पतिताचा वडिलोपार्जित मालमत्तेवरचा हक्क जात असे. १८५० च्या २१ व्या कायद्याने तो नियम रद्द केला: धर्म किंवा जात सोडली म्हणून वारसा हिरावता येणार नाही. बंगाल आणि मद्रासमधून त्याविरुद्ध मोठमोठे अर्ज गेले. पिंड देणारा मुलगाच उरला नाही तर त्याला वाटा कशाचा, हा अर्जदारांचा सवाल होता, आणि त्यांच्या चौकटीत तो बिनतोड होता. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी औरस वारस नसताना वारले, डलहौसीने दत्तक नाकारून राज्य खालसा केले आणि नागपूरही इंग्रजी कायद्याखाली आले.

कायद्याने जमिनीचा वाटा वाचवला. पण पंगतीतले पान, विहिरीवरचा हक्क, बहिणीच्या लग्नातली जागा, आईच्या हातचा घास कोणत्या कोर्टातून परत मिळवणार? सरकारला याची थोडी जाणीव झाली ती लग्नाच्या बाबतीत. १८६६ मध्ये धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदाचा कायदा आला. ख्रिस्ती झालेल्या माणसाला त्याच्या धर्मांतरामुळे जोडीदाराने सहा महिने सोडले असेल तर कोर्टात जाता येई. कोर्ट एक वर्ष थांबून पुन्हा विचारणा करी आणि जोडीदार तयार नसेल तर लग्न मोडून दोघांनाही मोकळे करी. बाप्तिस्म्यामागे घर मोडते हे सरकारनेच त्या कायद्यात लिहून ठेवले.

हिस्लॉपने स्वतः काय मोजले? त्याने नागपूरच्या परिसरातले दगड वाचले, हंटरबरोबर जीवाश्म गोळा केले, गोंडांच्या भाषा आणि चालीरीती टिपल्या. हिस्लोपाइट हे खनिज त्याच्या नावाने ओळखले जाते. नागपूरच्या कारभारातली बजबजपुरी त्याने वर्तमानपत्रातून चव्हाट्यावर मांडली. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन दगडी वर्तुळे पाहून परतताना बोरीजवळ पूर आलेल्या पाण्यात तो घोड्यासह सापडला आणि बुडाला. वय ४६ भरायला चार दिवस होते. त्याने मागे ठेवलेली आदिवासींविषयीची टिपणे मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये संपादून छापली. त्याच्या शाळेतून वाढलेले कॉलेज १८८३ मध्ये सुरू झाले आणि त्याचे नाव घेऊन आजही उभे आहे. पण त्याचा सौदा त्याने स्वतः, डोळे उघडे ठेवून केला होता. ज्यांनी तो केला नव्हता त्यांची गोष्ट नागपुरातून निघालेल्या एका गाडीत सुरू होते.

नारायण वामन टिळक तिशीच्या उंबरठ्यावर नागपुरात आले. कोकणातल्या करजगावचा जन्म, नाशिकला शिक्षण, आशुकवित्व, वक्तृत्व आणि एका जागी न ठरणारा स्वभाव. नागपूरचे धनिक अप्पासाहेब बुटी यांनी त्यांना संस्कृत ग्रंथांच्या कामासाठी आश्रय दिला. हिंदू धर्माच्या चर्चेसाठी ‘ऋषी’ हे मासिकही टिळकांनी चालवले. जातिभेदावरून त्यांचे मन उडाले होते आणि राष्ट्राला उभे करील असा धर्म ते शोधत होते. पुढे राजनांदगाव संस्थानात काम मिळण्याची आशा दिसली आणि १८९३ च्या सुमारास ते नागपूरहून बंगाल नागपूर रेल्वेने तिकडे निघाले.

डब्यात एक गोरा गृहस्थ होता. गोरा माणूस म्हणजे तुसडेपणा, ही टिळकांची अपेक्षा खोटी ठरली. त्याने जागा दिली आणि संस्कृत काव्यावर गप्पा काढल्या. उतरण्यापूर्वी त्याने नव्या कराराची प्रत हातात ठेवली, वाचाल असे वचन घेतले आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. चरित्रकारांनी पुढे त्याचे नाव अर्नेस्ट वॉर्ड असे नोंदवले. वचन दिले म्हणून टिळक वाचू लागले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी थांबले. त्या पानांतून उठवेना, असे त्यांचे झाले.

पुस्तक फुकट मिळाले होते, त्यातले आश्वासनही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांचे मोजणे त्याच दिवशी सुरू झाले: जात गेली, आप्त गेले, कवी म्हणून मिळवलेल्या नावावर ‘बाटगा’ हा शिक्का बसला. पैशासाठी बाटला, हा आरोप तर अशा प्रत्येकाच्या वाट्याला ठेवलेलाच असे. तरीही हे सारे त्यांना आधी दिसत होते. दोन वर्षे ते याच विचाराने तळमळत होते.

लक्ष्मीबाईंना कोणी काहीच विचारले नव्हते. नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची ही मुलगी अकराव्या वर्षी टिळकांच्या घरात आली. सोवळ्याओवळ्याने झपाटलेल्या बापाच्या धाकात वाढलेली, अक्षरओळख जेमतेम. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा त्यांच्याजवळ लहानगा दत्तू होता. नवरा जिवंत, कपाळी कुंकू, आणि तरीही त्याच्या घरी जाणे म्हणजे जात गमावणे. माहेरच्या माणसांनी त्यांना सांभाळले, पंढरपूरला बहिणीच्या बिऱ्हाडी ठेवले. पण सांभाळलेल्या बाईला स्वतःचे घर नसते. त्यांनी ना ख्रिस्त मागितला होता ना तारण. वसुली मात्र त्यांच्याकडूनही पुरेपूर झाली, आणि काही बाबतींत टिळकांपेक्षा जास्त. टिळकांना निदान नवी मंडळी, नवे काम, नवा देव मिळाला होता. बाईंच्या हाती नुसता तोटा आला.

१८६६ चा कायदा टिळकांसाठी खुला होता. सहा महिन्यांची अट कधीच पुरी झाली होती. कोर्टात गेले असते तर मोकळे होऊन दुसरे लग्न करता आले असते. ते गेले नाहीत. पत्रे लिहीत राहिले, भेटत राहिले, भांडत राहिले. काही वर्षांनी लक्ष्मीबाई मुलाला घेऊन अहमदनगरला आल्या, त्या आपल्या अटींवर: चूल वेगळी, पाणी वेगळे, विटाळ कडक. टिळकांनी अटी मानल्या. ख्रिस्ती घरात एक ब्राह्मण बाई आपले सोवळे राखून नांदते आहे, हे मिशनच्या वस्तीला नवलाचे होते आणि ब्राह्मणांना पटणारे नव्हते.

ते सोवळे हळूहळू त्यांच्याच हाताने सुटले. राहुरीला असताना त्यांच्या मनाने घेतले की जाती माणसांनी केल्या आहेत, देवाने नव्हे. मग कोणाच्या हातचे पाणी चालते आणि कोणाच्या हातचे नाही, हा घोर संपला. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या क्रमाकडे नीट पाहिले पाहिजे. सामान्यतः माणूस आधी विश्वास ठेवतो आणि मग त्याचे मोल देतो. लक्ष्मीबाईंनी पाच वर्षे आधी मोल दिले आणि मग, त्या भरपाईची अपेक्षा न धरता, स्वतःच्या वाटेने तिथे पोचल्या. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली ती या बाईने रडगाणे न गाता, स्वतःवर हसत सांगितलेली हकीकत आहे. मराठी वाचकाने ती धर्माच्या कुंपणापलीकडे जाऊन आपली मानली.

टिळकांनी पुढे आणखी एक हप्ता भरला. ‘ज्ञानोदय’चे मराठी संपादन, शेकडो भजने, मिशनची नोकरी असे सारे चालू असताना त्यांना खुपत होते ते हे की हिंदी ख्रिस्ती माणूस परदेशी पैशावर जगतो, म्हणून त्याच्या साक्षीला शेजाऱ्यांत वजन नाही. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचे वेतन सोडले आणि ‘देवाचा दरबार’ स्थापला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त एकत्र यावेत, असा त्यामागचा विचार. जे फुकट मिळाले ते फुकट द्यावे, या येशूच्या आज्ञेचा त्यांनी लावलेला अर्थ असा होता. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचा मृत्यू झाला तेव्हा तो दरबार अजून आकार घेत होता. पुढे १९३७ मध्ये नाझी जर्मनीतल्या डीट्रिख बॉनहॉफरने ‘स्वस्त कृपा’ आणि ‘महाग कृपा’ असा भेद मांडला आणि १९४५ मध्ये फासावर जाऊन महाग कृपेची बाजू निभावली. टिळकांना तो भेद नगरच्या मिशन कंपाउंडात आधीच उमगला होता.

स्वातंत्र्यानंतर नागपुरात हाच प्रश्न उलटा विचारला गेला. तेव्हा नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होती. १४ एप्रिल १९५४ रोजी सरकारने ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कामाच्या चौकशीसाठी समिती नेमली. अध्यक्ष होते नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती डॉ. भवानीशंकर नियोगी. सदस्यांत वर्ध्याचे एस. के. जॉर्ज हे गांधीवादी ख्रिस्ती प्राध्यापकही होते. समिती जिल्ह्याजिल्ह्यांत फिरली, हजारो लोकांना भेटली आणि १९५६ मध्ये तिचा अहवाल नागपुरातूनच बाहेर पडला. धर्मांतरामागे शाळा, दवाखाने, कर्जे आणि परदेशी पैसा यांचे आमिष आहे, असा तिचा मुख्य निष्कर्ष होता. चर्चने तो एकतर्फी म्हणून नाकारला. हिस्लॉपच्या काळी विचारले जाई की ख्रिस्ती होणाऱ्याचे काय गेले. आता विचारले गेले की त्याला काय मिळाले. अहवालाच्या वळणाने जाणारा धर्मस्वातंत्र्याचा कायदा मध्य प्रदेशाने १९६८ मध्ये केला. पण १ नोव्हेंबर १९५६ रोजीच विदर्भ मुंबई राज्यात गेला होता, त्यामुळे ज्या शहरात तो विचार घडला त्या शहराला तो कायदा लागूच झाला नाही.

आमिषाची चौकशी होत असताना दुसऱ्या बाजूच्या वजाबाकीकडे फारसे कोणी पाहिले नाही. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या होत्या. ख्रिस्ती होणाऱ्या दलिताला यापुढे त्या सोडाव्या लागणार होत्या. गावाने त्याची अस्पृश्यता सोडलेली असो वा नसो. टिळकांकडे गमावण्यासारखी जात होती. ज्याला जातीने काहीच दिले नव्हते त्याच्याकडून राज्याने नव्याने मिळालेला हक्क परत घेतला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला, तेव्हा त्या लाखोंनीही हाच खर्च अंगावर घेतला. त्या सोहळ्याच्या निमित्ताने बौद्ध झालेल्यांत न्यायमूर्ती नियोगीही होते. शिखांचा समावेश १९५६ मध्ये झाला, बौद्धांना केंद्राच्या यादीत यायला १९९० उजाडले, आणि ख्रिस्ती दलितांचे गाऱ्हाणे वर्षानुवर्षे न्यायालयात रेंगाळत राहिले.

तारण मोफत आहे का, या प्रश्नाला हिस्लॉपच्या शाळेत जे उत्तर मिळे ते चर्चने बदललेले नाही: हो, मोफत. नागपूरचा इतिहास त्या उत्तराला खोटे पाडत नाही. तो एवढेच दाखवतो की जी किंमत प्रत्यक्ष वसूल झाली ती लावणारे दुसरेच होते. बाबा पांडुरंगाची कैद दरबाराने ठरवली, लक्ष्मीबाईंचा वनवास जातीने, दलित ख्रिस्त्यांची वजाबाकी शासनाने. शिष्यत्वाचे जे मोल येशूने सांगितले त्यात भर घालून आपला समाज आणि आपले राज्य स्वतःचा कर आकारत आले, आणि तो अनेकदा अशांकडून घेतला गेला ज्यांनी कृपा मागितलीही नव्हती. देवाने लावलेल्या किमतीपुढे माणसाचे काही चालत नाही. माणसांनी लावलेली किंमत मात्र कमी करता येते: १८५० मध्ये ती थोडी उतरली, १९९० मध्ये आणखी काहींसाठी उतरली, आणि राहुरीच्या एका घरात तर एका बाईने कायद्याची वाट न पाहता ती स्वतःच उतरवली.